गेली म्हणण्याआधी मोजा

(समाजाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत, इंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



काल इथे ज्ञानेश्वरीवर निरूपण झालं, उद्या नाट्यगीतांचा कार्यक्रम आहे, आणि मधल्या दिवशी हा बॅटरीचा विषय. पत्रिका वाचून एका काकूंनी मला विचारलंच, "अहो, गणपतीत बॅटरी कशाला?" मी म्हटलं, काकू, जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी शेवटचं कधी घातलं? त्या म्हणाल्या, "ते काम यांचं." काका म्हणाले, "मला वाटलं, दिवाळीत मुलगा आला होता तेव्हा त्यानं घातलं असेल." मुलगा बंगळूरला. त्याला वाटत असणार, बाबा बघताहेत. या 'वाटण्या'पायी दरवर्षी कितीतरी चांगल्या बॅटऱ्या अकाली जातात. म्हणून हा विषय.

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, आपल्या घरांची परिस्थिती आता बरीचशी सारखी झाली आहे. मुलं शिकली, पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. जाताना नवा लॅपटॉप बरोबर नेला आणि जुना आपल्याकडे ठेवून गेली. माळ्यावर एक खोकं असतं. त्यात लॅपटॉपचे दोन-तीन अ‍ॅडॅप्टर, मोबाइलचे सात-आठ चार्जर, बंद पडलेला यूपीएस, जुन्या कॉम्प्युटरचा सांगाडा, एक इमर्जन्सी लाइट, एक ट्रिमर. आपण ते टाकत नाही, कारण टाकवत नाही. आणि वापरतही नाही, कारण कसं वापरायचं ते माहीत नाही. शेवटी एक दिवस अटालेवाला दारावरून ओरडत जातो आणि सगळं खोकं किलोच्या भावानं जातं.

माझं पोट वीज-उपकरणांच्या दुरुस्तीवर चाललं. त्या अनुभवातून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. बॅटरी 'गेली' असं आपण फार लवकर म्हणतो आणि फार अंदाजानं म्हणतो. म्हणण्याआधी मोजा. मोजलं की बॅटऱ्यांचे तीन ढीग होतात: बऱ्या होणाऱ्या, बऱ्या न होणाऱ्या, आणि घात करणाऱ्या. पहिल्या ढिगाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला योग्य ठिकाणी निरोप द्यायचा आणि तिसऱ्याला घरात ठेवायचंच नाही. हे तीन ढीग ओळखता येणं, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू.

सुरुवात जिन्याखालून करू. इन्व्हर्टरची, स्कूटरची, मोटारीची आणि यूपीएसमधली बॅटरी ही एकाच घराण्यातली, शिसे आणि गंधकाम्लाची. गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १८५९ साली बनवली. आपल्या स्वातंत्र्याच्या पहिल्या लढ्यानंतरची दोन वर्षं! तेव्हापासून तिचं मूळ रसायन बदललेलं नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ कप्पे असतात, प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्टचा. आपण वीज वापरतो तेव्हा आम्लातला काही भाग शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि त्याचं लेड सल्फेट होतं. चार्ज केलं की ते विरघळून पुन्हा आम्लात येतं. जाणं आणि येणं, एवढाच तिचा संसार.

बिघडतं कुठे? बॅटरी रिकामी झाली आणि आपण ती तशीच ठेवली, की ते सल्फेट आधी मऊ असतं ते हळूहळू टणक स्फटिकांसारखं होतं. नळाच्या तोंडावर क्षार धरतो, तसंच समजा. मग चार्ज करायला गेलं तरी ते सुटत नाही. म्हणजे बॅटरी वापरून जितकी खराब होते, त्याहून अधिक ती रिकामी पडून राहून खराब होते. २०२० सालच्या टाळेबंदीत हे घरोघरी दिसलं. स्कूटर दोन-तीन महिने हलली नाही, आणि बाहेर काढली तर सेल्फ लागेना. आता आपल्यापैकी बरेच जण उन्हाळ्यात तीन महिने मुलांकडे जातात आणि जाताना घराचा मेन स्विच बंद करतात. त्या दिवसांत इंदूरचं ऊन चाळिशीच्या वर, आणि उष्म्यानं बॅटरी अधिक लवकर उतरते. परत येईपर्यंत सल्फेटचा थर तयार! गावाला जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, पाणी तपासा आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तिची वायर सोडवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता मोजायचं कसं? त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. महाराणी रोडला किंवा जेल रोडला कुठल्याही दुकानात मिळेल, आणि घरात थर्मामीटर असतो तसा तोही असावा. बॅटरी पूर्ण चार्ज करून, सगळ्या वायरी सोडवून चार-सहा तास शांत ठेवा. मग मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९च्या खाली म्हणजे रिकामी. चार्जवरून काढल्याबरोबर मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. पाहुणे समोर असताना मूल जसं शहाण्यासारखं वागतं, तसं ते असतं.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा: १०.५. पूर्ण चार्ज करून, विश्रांती देऊनही बॅटरी १०.५च्या आसपासच थांबत असेल, तर सहापैकी एक कप्पा आतून जुळून गेला आहे. ही बॅटरी दुसऱ्या ढिगात. तिला चार्ज करत राहिलात तर सहा कप्प्यांचा दाब पाचांवर येतो, ती तापते, आणि कधी सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे विषारी वायूचा असतो. तो आला तर आधी मेन स्विच बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि खोलीबाहेर जायचं. कोणता कप्पा गेला वगैरे चर्चा नंतर.

मोठ्या, झाकणं असलेल्या इन्व्हर्टर बॅटरीचा पहिला उपचार म्हणजे पाणी. तरंगणारी खूण लाल रेघेकडे गेली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, फिल्टरचं नको, आरओचंही नको. त्यांतले क्षार पट्ट्यांना बाधतात. आणि आम्ल तर मुळीच घालू नका. चार्ज होताना उडून जातं ते पाणी. आम्ल आतच राहतं. वरून आम्ल घालणं म्हणजे आटलेल्या आमटीत पाण्याऐवजी मीठ घालणं. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला, चार्ज करा, आणि मग खुणेपर्यंत भरा.

पुष्कळदा असं होतं की बॅटरी इतकी उतरलेली असते, की इन्व्हर्टर तिला ओळखतच नाही. दुकानदार सांगतो, "बॅटरी गेली, नवी घ्या." खरं म्हणजे त्या इन्व्हर्टरला ठरावीक व्होल्ट दिसल्याशिवाय तो चार्जिंग सुरूच करत नाही. अशा वेळी बाहेरून थोडी-थोडी वीज देऊन बॅटरीला तेवढ्या पातळीवर आणलं की इन्व्हर्टर पुढचं काम करतो. दीर्घ उपासानंतर आधी पेज द्यावी, एकदम पुरणपोळी नाही, तसंच हे.

ही पेज द्यायला माळ्यावरचं खोकं उपयोगी पडतं. लॅपटॉपचा जुना अ‍ॅडॅप्टर घ्या. त्याच्या पोटावर लिहिलेलं असतं, १९ व्होल्ट, ३.४२ अँपियर, म्हणजे ६५ वॅट. लॅपटॉप गेला तरी अ‍ॅडॅप्टर बहुधा ठणठणीत असतो. पण तो सरळ बॅटरीला जोडायचा नाही. १९ व्होल्ट १२च्या बॅटरीला फार होतात. बॅटरी उकळेल किंवा अ‍ॅडॅप्टर जळेल. मध्ये एक छोटं स्टेप-डाउन मॉड्यूल लागतं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतं. घेताना व्होल्ट आणि अँपियर दोन्ही ठरवता येतील असंच मागा. त्यावर दोन बारीक स्क्रू असतात. एकानं १४.४ व्होल्ट ठरवायचे, दुसऱ्यानं अँपियर.

अँपियर किती? बॅटरीवर लिहिलेल्या अँपियर-अवरच्या दहाव्या भागाहून जास्त नको. यूपीएसमधली बॅटरी ७ अँपियर-अवरची असते, तिला ०.७ अँपियर. स्कूटरची ५ची असेल तर ०.५. ७ची रिकामी बॅटरी भरायला बारा-चौदा तास लागतील. घाई नाही. इन्व्हर्टरच्या १५० अँपियर-अवरच्या बॅटरीला हा अ‍ॅडॅप्टर फार छोटा पडतो, पण तिला ओळखीच्या पातळीवर आणण्यापुरता पुरतो. बॅटरीच्या धन टोकाजवळ एक फ्यूज जरूर घाला. जोडणी आधी पूर्ण करायची आणि स्विच सगळ्यांत शेवटी लावायचा. काढताना आधी स्विच बंद, मग चिमटे. कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून हे काम गच्चीत किंवा उघड्या व्हरांड्यात करायचं, देवघराच्या समईजवळ नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, आणि जवळ पाण्याची बादली.

सल्फेट धरलेली बॅटरी सुरुवातीला काहीच वीज घेत नाही. व्होल्ट लगेच १४ दिसतात आणि अँपियर जवळजवळ शून्य. लोक इथेच निराश होतात. तिला दिवसभर तशीच राहू द्या. स्फटिक सुटू लागले तर अँपियर हळूहळू वाढतो, आणि ही बरी होण्याची खूण. दोन दिवसांत हालचाल नसेल तर समजावं की आपले प्रयत्न संपले. बाजारात बॅटरीत घालायच्या पुड्या आणि जादूची यंत्रं मिळतात. मी सांगेन, पैसे राखून ठेवा. सावकाश, मोजून दिलेली वीज हे या बॅटरीचं मुख्य औषध.

बरी झाली हे कसं ओळखायचं? तिला कामाला लावून. मोटारीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा तिच्यावर लावा आणि घड्याळ बघा. नव्या ७ अँपियर-अवरच्या बॅटरीवर तो साधारण तीन तास चालतो. मल्टिमीटर १०.५ दाखवू लागला की थांबायचं. दीड तास चालला तर बॅटरीत निम्मी ताकद शिल्लक आहे. ती यूपीएसला कमी पडेल, पण राउटरला, इमर्जन्सी दिव्याला किंवा देवघरातल्या एलईडी माळेला भरपूर आहे. अर्धा तासही चालला नाही तर दुसऱ्या ढिगात. मी सांगतो म्हणून नाही, घड्याळ सांगतं म्हणून.

उलटंही खरं आहे. 'यूपीएस गेला' म्हणून जे डबे अटाल्यात जातात, त्यांतल्या पुष्कळांत फक्त बॅटरी गेलेली असते. एक ७ अँपियर-अवरची बॅटरी बदलली की डबा पुन्हा उभा राहतो.

इथे हौशी मंडळींसाठी तीन इशारे. पहिला, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा. त्याची पिवळी वायर १२ व्होल्ट देते, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी तिच्यावर चार्ज होईल असं वाटतं. होत नाही. टाकी भरायला पाणी टाकीपेक्षा उंचावरून यावं लागतं. १२च्या बॅटरीला १४ हवेत. आणि तो डबा उघडायच्या भानगडीत पडू नका. आतल्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टच्या वरची वीज प्लग काढल्यावरही काही काळ असते. दुसरा, नव्या टाइप-सी चार्जरचा. त्यावर २० व्होल्ट लिहिलेलं असलं तरी समोरच्या यंत्रानं मागितल्याशिवाय तो ५च देतो. या कामाला जुना, गोल पिनचा अ‍ॅडॅप्टरच बरा. तिसरा इशारा सर्वांत महत्त्वाचा. पूर्वी काही कारागीर घरातल्या विजेला एक बल्ब आणि एक डायोड लावून सरळ बॅटरी चार्ज करत. स्वस्त होतं, चालायचंही. पण त्या जोडणीत बॅटरीचं प्रत्येक टोक म्हणजे घरातली जिवंत वायर असते. ती पद्धत त्या काळाबरोबर जाऊ द्या. अ‍ॅडॅप्टरच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो आपल्यात आणि मेनमध्ये भिंत उभी करतो. त्या भिंतीसाठीच तो घ्यायचा.

इथवर शिशाच्या बॅटरीबद्दल झालं. तिला रागावायला वेळ लागतो आणि रागावण्याआधी ती वासानं, उष्णतेनं सांगते. लॅपटॉप आणि मोबाइलमधली लिथियम बॅटरी वेगळ्या स्वभावाची. १९९१ साली ती बाजारात आली, आणि तिच्या संशोधनाबद्दल २०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळालं. एवढ्याशा जागेत एवढी शक्ती मावते, हाच तिचा गुण आणि हाच धोका.

तिच्याबाबतही 'गेली' हा शब्द पुष्कळदा खोटा ठरतो. २०१४ साली आयबीएमच्या भारतातल्या संशोधकांनी टाकून दिलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या मोजून पाहिल्या. ३२ बॅटऱ्यांच्या नमुन्यात मूळ क्षमतेच्या सरासरी ६४ टक्के ताकद शिल्लक होती. त्यातले चांगले सेल वेगळे काढून त्यांनी 'उर्जार' नावाची एक पेटी बनवली. त्यावर एलईडी दिवा, छोटा पंखा आणि मोबाइल चालत. बंगळूरमधल्या काही गरीब लोकांना ती वापरायला दिली. त्यांच्या तक्रारी काय होत्या? उंदीर कुरतडणार नाहीत अशा वायरी द्या आणि दिवा जरा जास्त उजेडाचा द्या. बॅटरीबद्दल तक्रार नव्हती. आपल्या माळ्यावर झोपलेल्या लॅपटॉपमध्ये कुणाच्या तरी ठेल्यावरचा संध्याकाळचा उजेड पडून आहे, असा याचा अर्थ.

जुन्या, जाड लॅपटॉप बॅटरीत बहुधा सहा गोल सेल असतात. त्यांना १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. सहांतला एखादा खराब झाला की आतलं सर्किट सगळी बॅटरी बंद करतं. बाकीचे पाच धडधाकट असूनही घरी बसतात. एकत्र कुटुंबात कधी कधी होतं तसंच! हे सेल सुटे केले की माळ्यावरच्या खोक्यातला मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर कामाला येतो. त्याला टीपी-४०५६ नावाचं बोटभर लांबीचं सर्किट जोडलं की एका सेलचा चांगला चार्जर होतो. ४.२ व्होल्टला तो स्वतः थांबतो.

पण इथे मी नियम सांगणार आहे, आणि त्यांत सूट नाही. फुगलेली बॅटरी, मग ती मोबाइलची असो की लॅपटॉपची, चार्जही करायची नाही, टोचायचीही नाही, दाबून बसवायचीही नाही. सेलचे व्होल्ट २च्या खाली असतील तर तो बाद. इतक्या उतरलेल्या सेलच्या आत तांबं विरघळलेलं असू शकतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते आतल्या आत दोन टोकं जोडून टाकतं. गंजलेला, पोचा आलेला सेल बाद. चार्ज होताना हाताला गरम लागला तर बाद. पूर्ण चार्ज करून दोन आठवडे ठेवल्यावर ४.१च्या खाली गेला तर तोही बाद, कारण तो आतून गळतो आहे. बॅटरीचं प्लॅस्टिकचं कवच फोडणं हे सुरीनं करायचं काम नाही. पातं घसरून दोन पट्ट्यांना लागलं की आग. ज्याच्या हाताला सवय आहे त्यानंच ते करावं. आणि ई-स्कूटरची मोठी बॅटरी घरी उघडण्याचा तर विचारही नको. तीत असे सेल ढिगानं असतात. लिथियम चार्ज होत असताना झोपायचं नाही, आणि ती दाराच्या वाटेवर ठेवायची नाही. धूर दिसला तर माणसं आधी बाहेर काढायची, मग फोन करायचा. तो धूर छातीत जाऊ देण्यासारखा नसतो.

टॉर्चच्या साध्या सेलबद्दलही विचारलं जातं. आपल्या लहानपणी ते गच्चीत उन्हात ठेवत आणि ते थोडा वेळ पुन्हा चालत. उबेनं आतली क्रिया जरा जोर धरते, इतकंच. त्या सेलचं जस्ताचं भांडंच इंधन म्हणून खर्च होत असतं. संपलेलं लाकूड पुन्हा पेटत नाही, तसे ते चार्ज होत नाहीत. चार्जरला लावले तर फुटतात. ट्रिमरमधला १.२ व्होल्टचा सेल मात्र चार्ज होणारा असतो. वर लिहिलेलं नीट वाचा.

आता दुसरा आणि तिसरा ढीग. खरं दुखणं इथे आहे. बरी न होणारी बॅटरी आपण अटालेवाल्याला देतो, तो चांगले पैसे देतो, आणि आपल्या दृष्टीनं विषय संपतो. तिचा विषय तिथे सुरू होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं अर्ध्याहून अधिक वजन शिशाचं असतं. शिसं पुन्हा-पुन्हा वितळवून वापरता येतं, म्हणून तिला भाव. नोंदणीकृत कारखान्यात ते काम बंद भट्टीत, धूर गाळून होतं. पण पुष्कळ बॅटऱ्या वस्तीच्या कडेला, उघड्यावर हातोड्यानं फुटतात. आम्ल गटारात जातं, शिसं कढईत वितळतं, आणि त्याची धूळ अंगणात खेळणाऱ्या पोराच्या हातावर, तिथून तोंडात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली एक अहवाल काढला. त्यांच्या अंदाजानं जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली आहेत. याला कारणं अनेक आहेत, पण बॅटऱ्यांची ही उघडी भट्टी त्यांतलं एक मोठं कारण आहे. शिशानं मुलाची बुद्धी कमी होते, आणि गेलेली परत मिळत नाही. ती चार्ज होत नाही, मंडळी.

म्हणून घासाघीस करून दोन-तीनशे रुपये जास्त देणाऱ्याला बॅटरी देऊ नका. नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या आणि पावतीवर तशी नोंद करून घ्या. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी परत गोळा करून तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्याआधीचे २००१चे नियम फक्त शिशाच्या बॅटरीपुरते होते; आता मोबाइलच्या सेलपासून ई-स्कूटरपर्यंत सगळं त्यात येतं. आपलीही जबाबदारी त्यात लिहिली आहे, ती म्हणजे बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळणं. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, त्याचा अर्थ तोच. आपलं शहर २०१७पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं. आपल्या दारात येणाऱ्या गाडीला ई-कचऱ्यासाठी वेगळा कप्पा आहे. चहाची पत्ती ओल्यात आणि दुधाची पिशवी सुक्यात टाकायला आपण शिकलो, तर मोबाइलची बॅटरी वेगळी द्यायला शिकणं अवघड नाही. देताना तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे गाडीत घासून ठिणगी उडणार नाही. बाप्पाला आपण वाट्टेल त्या डबक्यात सोडत नाही, ठरलेल्या कुंडात नेतो. बॅटरीलाही ठरलेलं ठिकाण आहे.

शेवटी समाजापुढे एक सूचना ठेवतो. विसर्जनानंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी याच सभागृहात तीन टेबलं मांडू. पहिल्यावर मल्टिमीटर आणि दिवा. ज्यानं जी बॅटरी आणली असेल ती त्याच्यासमोर मोजायची. दुसऱ्यावर चार अ‍ॅडॅप्टर आणि चार मॉड्यूल; ज्या बऱ्या होण्यासारख्या आहेत त्या नाव लिहून ठेवून घ्यायच्या, आठवड्यानं परत द्यायच्या. तिसऱ्यावर निरोपाच्या; त्या एकत्र करून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पावती घेऊन सोपवायच्या. लिथियमच्या फुगलेल्यांसाठी बाहेर अंगणात वाळूची बादली. अभियांत्रिकी शिकणारी समाजातली पाच-सहा मुलं-मुली मिळाली तरी पुरे. माझी दोन्ही टेबलांवर बसायची तयारी आहे.

यातून दोन गोष्टी होतील. समाजाच्या ध्वनिक्षेपकाला आणि जिन्यातल्या दिव्यांना नव्या बॅटऱ्या घ्याव्या लागणार नाहीत, हा छोटा फायदा. मोठा फायदा असा की ज्यांची मुलं लांब आहेत, अशा घरांतल्या आजी-आजोबांच्या जिन्याखाली वर्षातून एकदा कुणीतरी डोकावेल. पाण्याची पातळी बघेल, फुगलेला मोबाइल उशाखालून काढून नेईल. तेवढं झालं तरी मी आज इथे उभा राहिलो त्याचं सार्थक झालं म्हणेन.

ज्यांना येता येईल त्यांनी कार्यवाहांकडे आज नाव द्यावं. येताना माळ्यावरचं खोकं घेऊन या. त्यातलं काय गेलं आणि काय राहिलं, ते आपण मिळून मोजू.

गणपती बाप्पा मोरया!